बादली कशावर थांबणार?

यारी म्हटले की आजच्या वाचकाला दोस्ती आठवते. हिंदी सिनेमाची कृपा. मराठीत मात्र यारी म्हणजे वजन उचलणारे यंत्र. आपण आता सर्रास क्रेन म्हणतो ते. मराठवाड्यात किंवा अहिल्यानगर-सोलापूरच्या (आमच्या पिढीच्या तोंडी ते अजून नगरच) कोरडवाहू पट्ट्यात उन्हाळ्यात एस.टी.ने प्रवास केलात तर रानात ती हमखास दिसेल. नव्या विहिरीच्या काठावर तिरका लोखंडी खांब, त्याच्या टोकाला चाक, चाकावरून विहिरीत उतरलेला तारेचा दोर, मागे धडधडणारे डिझेल इंजिन आणि सगळे धूड पुढे कलंडू नये म्हणून त्याच्या बुडाशी रचलेले दगड. जवळ जाऊन पाहिले तर गिअरबॉक्स जुन्या ट्रकचा, मागचा ॲक्सल कुठल्याशा टेम्पोचा, सांगाड्याला चाशीचे लोखंड आणि चालवणाऱ्याच्या बुडाखाली जीपची फाटकी सीट. तालुक्याच्या गावी, स्टँडामागच्या वेल्डिंगच्या दुकानात ही यंत्रे तयार होतात. त्यांना नकाशा नसतो, मॉडेल नंबर नसतो. मिस्त्रीच्या डोक्यात असेल तेवढा आराखडा, आणि भंगारात मिळेल तेवढा माल.

अशा वस्तूंचे कौतुक करण्याची गेल्या दहा-पंधरा वर्षांत टूम निघाली आहे. आमच्या काळी याला नुसते 'जमवले' म्हणत. आता त्याला 'जुगाड' म्हणतात आणि त्यावर व्यवस्थापनाच्या वर्गात व्याख्याने होतात. २०१२ साली नवी राजू, जयदीप प्रभू आणि सिमोन आहुजा यांचे याच नावाचे इंग्रजी पुस्तक आले आणि शब्दाला प्रतिष्ठा मिळाली. आपल्या सांगली जिल्ह्यात देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली, तिची चित्रफीत घरोघर पाहिली गेली, आणि जानेवारी २०२२ मध्ये आनंद महिंद्र यांनी त्या बदल्यात त्यांना नवी बोलेरो दिली. मला आनंदच झाला. यशवंतराव चव्हाणांच्या जन्मगावाचे नाव त्यानिमित्ताने नव्या पिढीच्या कानी पडले, हा आणखी एक लाभ. पण ती जीप रस्त्यावर चालते, दिसते, तिच्यात पोरेबाळे बसलेली छान वाटतात. यारी एका जागी उभी असते आणि तिचे काम जमिनीच्या पोटात चाललेले असते. तिथपर्यंत कौतुक करणारे पोचत नाहीत. आणि माझी तक्रार नेमकी इथे आहे. जुगाडाचे कौतुक काठावरून होते; त्याची जोखीम पन्नास फूट खाली उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावर असते.

दर उन्हाळ्यात जिल्हा पानावर एक छोटी बातमी असते. विहिरीचे काम सुरू असताना क्रेनचा दोर तुटला, किंवा गिअर सुटला, बादली खाली आली. मृतांची नावे, अकस्मात मृत्यूची नोंद. दोन दिवसांनी विषय संपतो.

यारी आपल्याकडेच एवढी का, याचे कारण आपल्या खडकात आहे. महाराष्ट्राची चार-पंचमांशाहून अधिक भूमी काळ्या बेसॉल्टच्या थरांवर आहे. या दगडात पाणी वाळूतल्यासारखे सर्वत्र भरलेले नसते. भेगांत आणि झिजलेल्या मुरमाड थरांत असते, आणि झिरपते सावकाश. म्हणून आपली विहीर रुंद लागते, वीस-पंचवीस फूट व्यासाची, म्हणजे रात्रभर झिरपलेले पाणी सकाळी उपसायला मिळते. एवढे रुंद आणि चाळीस-पन्नास फूट खोल भोक खणायचे म्हणजे दगडाचा एक डोंगरच वर आणायचा. पूर्वी सुरुंगाने फोडलेला दगड टोपल्यांनी, हातोहात वर येई. वडार समाजातल्या कुटुंबांनी पिढ्यान्पिढ्या हे काम केले. आजच्या कितीतरी जुन्या विहिरी त्यांच्याच हाताच्या आहेत. खोली वाढली की बैल जोडत. मोटेचेच चाक, मोटेचाच नाडा, फक्त मोटेऐवजी दगडांचे भरलेले पाटे.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. बैल धावेवरून उतरत दोर ओढत आणि मागे सरत तो सोडत. मध्येच थांबायचे झाले तर बैल खूर रोवून उभा राही आणि वजन जिथल्या तिथे लोंबत राही. म्हणजे बैल हा इंजिनही होता आणि ब्रेकही. पुढे बैल गेले, डिझेल इंजिन आले, तेव्हा सगळ्यांनी हिशेब केला तो ओढण्याच्या ताकदीचा. थांबण्याच्या ताकदीचा हिशेब कोणी केला नाही, कारण बैल ते काम करतो आहे हे कोणाच्या ध्यानातच नव्हते.

मी हे यंत्र जवळून पाहिले ते बँकेच्या नोकरीत. १९८० च्या २ ऑक्टोबरला एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम देशभरच्या सगळ्या विकास गटांत लागू झाला, १९८२ साली नाबार्ड आली, आणि आम्ही तरुण अधिकारी खेड्यापाड्यांतून विहिरींची कर्जे वाटत हिंडू लागलो. माझी नेमणूक बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या शाखेत होती. विहिरीचे कर्ज हप्त्याहप्त्याने द्यायचे, आणि पुढचा हप्ता सोडण्यापूर्वी अधिकाऱ्याने विहिरीवर जाऊन किती परस काम झाले ते बघायचे, अशी पद्धत होती. त्यामुळे मोटारसायकलवरून विहिरी पालथ्या घालणे हा माझा उद्योगच झाला. कादंबऱ्या लिहायला लागलो तेव्हा समीक्षकांनी माझ्या लेखनातल्या 'भूमिगत प्रतिमां'विषयी बरेच काही लिहिले. त्यांना काय सांगणार?

त्या फेऱ्यांत एका मिस्त्रीशी ओळख झाली. चौथी शिकलेला, ट्रकवर क्लीनर म्हणून सुरुवात केलेला, बोलायला तिखट. त्याला स्वतःची यारी उभी करायची होती आणि कर्ज हवे होते. आमच्या अर्जात यंत्रसामग्रीसाठी कोटेशन लागे. छापील, विक्रीकर क्रमांक असलेले. भंगारवाला गिअरबॉक्स किलोवर विकतो, तो कसले कोटेशन देणार? इंजिन नवे होते आणि वेल्डिंगचा संचही नवा होता, त्या दोहोंची कागदपत्रे होती. कर्ज त्यांवर बसले. दोर, गिअरबॉक्स, ॲक्सल, खांब, म्हणजे ज्याला यारी म्हणायचे ते सगळे, बँकेच्या लेखी नव्हतेच. विमा कंपनीच्या लेखीही नव्हते. १९९० साली दहा हजारांपर्यंतच्या कर्जमाफीची धामधूम उडाली तोवर या गृहस्थाचे खाते फिटूनही गेले होते, आणि त्या यारीने निदान पाच-पन्नास विहिरी खणल्या असतील. त्यांतल्या कित्येक आमच्याच कर्जाच्या. विहीर आमच्या खतावणीत होती, विहीर खणणारे यंत्र कुठेच नव्हते.

आता यंत्राकडे वळू. कंटाळू नका, गणित सोपे आहे. इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेते. पट्टा लहान पुलीवरून मोठ्या पुलीवर घेतला की त्याचे ७५० होतात. ट्रकच्या गिअरबॉक्समध्ये पहिला गिअर टाकला की साधारण सहावा हिस्सा उरतो, १२५. पुढे ॲक्सलच्या मध्यावरच्या डिफरन्शियलमध्ये आणखी एकदा सहावा हिस्सा, म्हणजे २१ च्या आसपास. जेवढे फेरे कमी तेवढा जोर जास्त. म्हणून सात-आठ अश्वशक्तीचे साधे पंपाचे इंजिन अर्धा टन दगड आरामात उचलते. कारखान्यात असा संच नव्याने बनवायचा तर इंजिनिअर लागतील. मिस्त्रीला तो ट्रकवाल्यांनी फेकून दिलेल्या मालात आयता मिळतो. ही त्याची हुशारी, आणि ती अस्सल आहे.

पण डिफरन्शियल ही वस्तू फसवी. मोटार वळताना बाहेरचे चाक जास्त आणि आतले कमी फिरावे यासाठी ती बनवलेली. यारीत एका बाजूला दोर गुंडाळायचा ड्रम लावतात आणि दुसऱ्या बाजूचे चाक जाम करून ठेवतात. एक बाजू जाम झाली की दुसरी दुपटीने फिरते, २१ चे ४२ होतात. फूटभर व्यासाच्या ड्रमवर प्रत्येक फेऱ्याला तीन फुटांहून जास्त दोर येतो, म्हणजे पन्नास फुटांची विहीर पंचवीस सेकंदांच्या आत. ठेकेदार खूश. पण जाम केलेली बाजू कधी सुटली, नुसती घसरली, तरी ड्रम त्याच क्षणी मोकळा होतो. इंजिन चालू आहे, गिअर पडलेला आहे, चालवणारा जागेवर आहे, आणि बादली मात्र दगडासकट खाली निघाली आहे. जाणते मिस्त्री डिफरन्शियलच्या आतले छोटे दाते वेल्डिंगने एकजीव करून टाकतात. मग दोन्ही बाजू एकदम फिरतात, वेग अर्धा होतो, धोका एक पायरी कमी होतो. पण वेग अर्धा झालेला प्रत्येकाला परवडत नाही. काम फुटावर घेतलेले असते आणि मृग जवळ आलेला असतो.

माझ्या ओळखीच्या मिस्त्रीने दाते वेल्ड केलेच होते, पण त्यापुढेही एक गोष्ट केली होती. ड्रमच्याच कडेला त्याने ट्रकचा ब्रेक-ड्रम जोडला होता, त्याभोवती अस्तर लावलेली पोलादी पट्टी, पट्टीला लांब दांडा, आणि दांड्याच्या टोकाला एक जड लोखंडी ठोकळा टांगलेला. दांडा हाताने वर उचलून धरला तर ड्रम फिरे. हात सोडला की ठोकळा आपल्या वजनाने खाली येई आणि पट्टी ड्रमला आवळून धरी. मी विचारले, "मिस्त्री, ट्रकला तर पायाने दाबायचा ब्रेक असतो. तुम्ही हे उलटे का केले?"

तो म्हणाला, "साहेब, गाडी बंद पडली तर रस्त्यावर उभी राहती. बादली कशावर थांबणार?"

मग थोड्या वेळाने, न विचारता म्हणाला, "खाली माझा भाऊ असतो."

त्याला काय म्हणायचे होते ते मला उमगायला थोडा वेळ लागला. मोटारीचे सगळे सुटे भाग रस्त्याच्या कल्पनेने बनवलेले असतात. रस्त्यावर काही न करणे हे बहुधा सुरक्षित असते. थांबायचे तर काहीतरी करावे लागते, पेडल दाबावे लागते. विहिरीवर नेमके उलटे. तिथे काही न करणे म्हणजे पडणे. चालवणाऱ्याला चक्कर आली, पाय घसरला, गिअर सुटला, पट्टा तुटला, तर यंत्राने आपण होऊन वजन पकडले पाहिजे. १८५४ साली न्यू यॉर्कच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या प्रदर्शनात एलिशा ओटिस उंच टांगलेल्या पाळण्यात उभा राहिला आणि सगळ्यांसमोर त्याने वरचा दोर कापायला लावला. पाळणा जागच्या जागी अडकून राहिला. गगनचुंबी इमारती उभ्या राहिल्या त्या या एका गोष्टीच्या भरवशावर. आमच्या मिस्त्रीला ओटिस माहीत नव्हता. भाऊ माहीत होता.

आणि म्हणूनच, मी पाहिलेल्या यंत्रांपुरते बोलायचे तर, जिथे यंत्राचा मालक आणि विहिरीत उतरणारा एका घरातले, तिथे असा ब्रेक हमखास असे. यारी भाड्याने फिरू लागली, मालक तालुक्याला, चालवणारा रोजंदारीचा आणि खालची माणसे परजिल्ह्यातली, की ठोकळा हळूच गायब होई. दांडा धरून धरून हात भरून येतो, म्हणून कोणीतरी तो तारेने वर बांधून ठेवी. मी असे बांधलेले दांडे पाहिले आहेत. दोराचेही तेच. तारेचा दोर एकदम तुटत नाही. त्याची एकेक तार उसवते, हाताला टोचते, गंज चढतो. दोराचे टोक अडकवणाऱ्या क्लॅम्पची चपटी, खोबणीची बाजू वजन पेलणाऱ्या दोरावर हवी आणि वाकडा बोल्ट मोकळ्या टोकावर. हे उलटे लावले तर बोल्ट कामाच्या दोरालाच चिरडतो. बादली तळाला टेकली तरी ड्रमवर दोन-तीन वेढे शिल्लक राहिले पाहिजेत. माल उचलायच्या दोराची ताकद वजनाच्या पाचपट धरतात, माणूस उचलायचा तर दहापट. आपल्या विहिरींवर दगड वर येतो त्याच बादलीत उभा राहून माणूस खाली जातो. त्याच दोरावर.

यावर कायदा नाही का, असे कोणी विचारील. बांधकाम मजुरांसाठी १९९६ साली कायदा झाला, वजन उचलणाऱ्या यंत्रांच्या तपासणीचे नियमही त्याखाली झाले. पण तो दहा किंवा अधिक मजूर असलेल्या कामाला लागू होता. २०२० च्या नव्या संहितेत तो सामावला, दहाची अट राहिलीच. विहिरीवर माणसे असतात सहा-सात. आणि समजा कायदा लागू झाला, तर काय होईल हे सरकारी छापाची बँक पाहिलेल्या माणसाला सांगायला नको. परवाना निघेल, परवान्याला कारखान्याचा दाखला लागेल, दाखला मिस्त्रीकडे नसेल, आणि यारी रात्रीची चालू लागेल.

तरीही नुसते हात झटकणे मला पटत नाही, कारण मळणी यंत्राचे उदाहरण आपल्यासमोर आहे. हरितक्रांतीच्या काळात गहू पिकवणाऱ्या मुलखात, गावोगावच्या लोहारशाळांत मळणी यंत्रे तयार झाली. पेंढी आत सारताना माणसांचे हात जात. बोटे, मनगट, कोपर. १९८३ साली धोकादायक यंत्रांचा कायदा झाला तो मुख्यतः या यंत्रांसाठी. त्यातला कळीचा उपाय काय होता? पेंढी आत सारायची नळकांडी लांब आणि वरून झाकलेली हवी, म्हणजे हात पात्यांपर्यंत पोचणारच नाही. एक पत्र्याचा तुकडा. कायद्याची अंमलबजावणी सर्वत्र झाली असे मी म्हणणार नाही, पण यंत्र वाईट आहे असे न म्हणता त्यात कमी काय आहे ते बोट ठेवून सांगितले गेले.

यारीत कमी आहे तो ठोकळा. माझे म्हणणे एवढेच आहे की सरकारी अनुदानाच्या किंवा बँकेच्या कर्जाच्या विहिरीवर जी यारी उभी राहील तिच्या तीन गोष्टी तपासलेल्या असाव्यात: हात सोडल्यावर आपोआप लागणारा ब्रेक थेट दोराच्या ड्रमवर आहे का, दोर आणि क्लॅम्प धड आहेत का, आणि माणसांना उतरायला वेगळी शिडी किंवा वेगळा दोर आहे का. तपासायला मंत्रालयातून कोणी यायला नको. तालुक्यातालुक्याला आयटीआय आहे, तिथे फिटर आणि मोटार मेकॅनिक शिकवणारे निदेशक आहेत. त्यांना अर्धा तास पुरेल. सामानही दूर नाही. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द झाली आणि जिल्ह्याजिल्ह्यांत जुन्या जीपा मोडीत निघाल्या. त्यांचे ब्रेक-ड्रम आयटीआयला द्या, पोरे सरावासाठी असे ब्रेक बनवतील आणि मिस्त्री ते नेतील. नाहीतरी त्या पोरांना वर्षानुवर्षे तेच ते लोखंडी चौकोन घासायला लावतात.

हे सगळे मी गेल्या वर्षी त्या मिस्त्रीच्या मुलापुढे मांडले. वडील गेले, दुकान आता तो चालवतो. शेजारी पोकलेनवाल्याचा बोर्ड लागला आहे, पण खोल विहिरीत आणि जुन्या विहिरीच्या खोलीकरणाला अजून यारीच लागते, असे तो म्हणाला. माझी योजना त्याने शांतपणे ऐकून घेतली.

"काका, तपासायला मास्तर येऊ द्या, आमची ना नाही," तो म्हणाला. "पण त्याला आधी एकदा बादलीत बसवून तळाला नेऊन आणायचं. वर आल्यावर मग कागद लिहू दे."

ब्रेकला खर्च किती येईल ते विचारले. भंगाराचा भाव सकाळचा संध्याकाळी राहत नाही, त्यामुळे आकडा सांगायला तो तयार नव्हता. दोन दिवसांचे काम आहे, म्हणाला. दोराच्या नव्या गुंडाळीपेक्षा कमीच पडतील. विहिरीच्या अंदाजपत्रकात सुरुंगाची दारू धरतात, पाणी उपसण्याचे भाडे धरतात. त्याच्या खाली एवढी एक ओळ मावायला हरकत नसावी.